प्रश्न आधी पाठवा, ट्यूबलाइट बंद करा
ऑटिझम किंवा एडीएचडीच्या (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं अवघड जाणं) असेसमेंटआधी, म्हणजे निदानासाठीच्या तपासणीआधी, खोलीचे फोटो पाठवावेत, काय काय होणार ते सांगून ठेवावं हा मुद्दा एका लेखात वाचला आणि एकदम पटला. पण खरी गोची त्याच्याही आधी होते, अपॉइंटमेंट बऱ्याचदा फक्त फोनवर मिळते आणि अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की ज्याच्या घशाला कोरड पडते तो महिनोन्महिने फोनच करत नाही, मेल किंवा मेसेजची सोय ठेवायला काय जातं?

२०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक निदानांच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये, आवाज, उजेड, स्पर्श फार जाणवणं किंवा फारच कमी जाणवणं हे ऑटिझमच्या निकषांतच घेतलंय, आणि तरी माणसाला बसवतात कुठे तर गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइटखाली, बाहेर दारं आपटतायत, आणि तिथेच एडॉससारखी, म्हणजे ऑटिझमसाठी माणसाचं वागणं-बोलणं समोर बसून बघणारी, पाऊण-एक तासाची टेस्ट. मग तो गप्प झाला तर मुळात कमी बोलणारा आहे की उजेडाने थकलाय हे कळणार कसं?

एडॉस ठरलेल्या पद्धतीनेच घ्यावी लागते, त्यातलं आधी सांगता येत नाही, मान्य. पण लहानपणाबद्दलचे, रोजच्या जगण्याबद्दलचे प्रश्न आधी पाठवा ना, लिहून उत्तरं द्यायची मुभा द्या, मधे ब्रेक स्वतःहून विचारा, कारण आयुष्यभर मास्किंग केलेला, म्हणजे आपला त्रास आणि वेगळेपणा लपवत आलेला माणूस ब्रेक मागत नाही, हसत बसून राहतो आणि घरी जाऊन कोसळतो. आणि मोठ्या वयात आलेल्यांना लहानपणाची माहिती द्यायला आईवडिलांना घेऊनच या असा हट्ट नको, सगळ्यांचे असतातच असं नाही, त्यासाठी जुनी शाळेची प्रगतिपुस्तकंही उपयोगी पडतात.