टेंडन बूटच्या दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू पूर्ण वाचला, फोटो पण झूम करून बघितले. घोड्याच्या पुढच्या पायाचे टेंडन बूट समोरून उघडे, म्हणजे पूर्ण पैसे घेऊन अर्धा माल दिला, जंपचा आडवा पोल लागून नळीवर (गुडघ्याखालच्या हाडावर) सूज आली, आठवड्यात फेटलॉकमागचे (खुराच्या वरच्या सांध्यामागचे) केस गेले, आणि मेंढीच्या लोकरीचे महागवाले मागितले तर आम्ही द्यायला टाळाटाळ केली, असं तुम्ही लिहिलंय. टाळाटाळ केली हे खरंय, आणि परत आलात तरी मी हेच सांगणार. का ते सविस्तर लिहितो, कारण म्हापशाला येणारे बरेच पालक हेच विचारतात.

टेंडन म्हणजे नळीच्या मागची कंडरा, म्हणून टेंडन बूटचं मुख्य काम मागच्या बाजूला असतं. जंप करून घोडा उतरतो तेव्हा पुढचा पाय अजून जमिनीवर असतानाच मागचा पाय झपकन पुढे येतो, आणि त्या खुराची नाल पुढच्या पायाच्या टेंडनवर बसली तर घोडा कित्येक महिने उभाच राहतो. तिथे रक्तपुरवठा कमी असतो त्यामुळे जखम भरायला फार वेळ लागतो आणि भरली तरी पहिल्यासारखी ताकद येत नाही, म्हणून कडक कवच मागे दिलेलं असतं. समोर मुद्दाम उघडं ठेवतात, पोलला पाय लागला तर घोड्याला तो कळला पाहिजे म्हणजे पुढच्या वेळी तो पाय नीट गोळा करतो. क्रॉस कंट्रीला, म्हणजे मोकळ्या रानातल्या पक्क्या अडथळ्यांच्या राइडला, अडथळा जागचा हलत नाही, तिथे सगळीकडून बंद बूटच पाहिजे, पण तुमची मुलगी ९० सेंटीमीटरचं शो जंपिंग (धक्क्याने पडणाऱ्या पोलचे जंप) करते.

आता सूज. ताई, तुमच्या तिसऱ्या फोटोत मागे जंप दिसतोय, त्याचा पोल दोन्ही टोकांना काथ्याच्या दोरीने खांबाला बांधलेला आहे. हे कृपा करून आजच सोडा. पोल खांबावरच्या कपात नुसता टेकलेला पाहिजे, धक्का लागला की पडला पाहिजे. बांधलेल्या पोलवर घोडा पाय अडकून पोरीसकट खाली येऊ शकतो, त्यापुढे बूट कुठला घातला होता हा प्रश्नच राहत नाही. सूज गरम लागत असेल किंवा घोडा पाय राखत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, तोपर्यंत जंप बंद.

केस गेले त्याचं कारण पण फोटोत आहे. तुम्ही फुल साइज नेली, आमच्याकडे मापाला कॉब (फुलपेक्षा लहान साइज) निघाली होती पण घोडा उंच आहे म्हणून फुलच पाहिजे असं तुमचं म्हणणं पडलं. उंचीवर साइज ठरत नाही हो, गुडघ्याखालून फेटलॉकपर्यंतची लांबी आणि नळीचा घेर मोजायचा. तुमचा रेसवरून आलेला थरोब्रेड, बारीक हाडाचा आणि पातळ कातडीचा, त्याला मोठा बूट खाली सरकतो आणि आत रेती गेली की पॉलिश पेपरसारखा घासतो. घालताना थोडा वर धरून खाली सरकवत आणायचा म्हणजे केस सरळ बसतात, पट्ट्या बाहेरच्या बाजूला, टोकं मागे, सगळ्या सारख्या ताणाच्या, आत एक बोट जाईल एवढ्या. राइड संपली की लगेच काढायचे. सईसला हे एकदा समोर उभं राहून करून दाखवा.

लोकरवाले मी का दिले नाहीत? पळताना टेंडनच्या आतलं तापमान ४५ अंशांपर्यंत जातं असं मोजलेलं आहे, त्यात आपल्याकडची दमट हवा, वर लोकर गुंडाळली तर ती उष्णता जाणार कुठे? पावसात लोकर पाणी पिऊन जड होते, दोन दिवस वाळत नाही, ओली तशीच चढवली की कातडीला बुरशी धरते. आतून गुळगुळीत लायनिंगवाला, हवा खेळणारा बूट गोड्या पाण्याने धुतला की दुसऱ्या सकाळी तयार. किनाऱ्यावर नेलात तर धुणं चुकवूच नका. महाग माल विकून माझा फायदाच होता.

ऑनलाइनवाले चारही पायांना सारखे उंच बूट देतात असं लिहिलंत. मागच्या पायाला जंपिंगमध्ये आखूड फेटलॉक बूट लागतो, आतल्या बाजूला पाय पायावर आपटतो त्यासाठी. एफइआयने, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, मागच्या बुटांवरचे नियम २०२१ पासून सगळ्या आंतरराष्ट्रीय जंपिंगला लावले, आतली लांबी जास्तीत जास्त १६ सेंटीमीटर. आवळून बांधलेल्या मागच्या बुटांनी घोड्याला पाय जास्त झटकायला लावायचे, ते थांबवायला हे केलं आणि बरं केलं. मुलीला सुरुवातीपासून योग्य सवय लागू दे.

तुमचा घोडा मागच्या खुराने पुढची नाल उपटतो असं तुम्ही दुकानात बोलला होता, तर त्याला बेल बूट (खुराभोवती घालायचा घंटेसारखा) पण घ्या, मागून टाचेचा मऊ भाग झाकेल आणि जमिनीला जेमतेम टेकेल असा. तो टेंडन बूटपेक्षा स्वस्त आहे.

वापरलेले असले तरी फुलचे बूट धुऊन घेऊन या, गणपतीच्या चवथीपर्यंत कॉब साइजमध्ये बदलून देतो, वर काही पैसे नाहीत. येताना गुडघ्याखालचं माप परत टेपने घेऊन या. शुक्रवार सोडून या ताई, बाजारामुळे त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही.