खिडकी बंद होण्यापूर्वी

२०१६ सालच्या जून महिन्यात माझ्या घरच्या हॉलमध्ये एका स्वीडिश माणसाच्या गुडघ्यांविषयी जेवढी आस्थेने चर्चा झाली, तेवढी माझ्या गुडघ्यांविषयी लग्नापासून आजतागायत झालेली नाही. हा माणूस म्हणजे फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविच. उंची १९५ सेंटिमीटर, वय ३४, आणि पॅरिस सें-जर्मां या क्लबाशी असलेला त्याचा करार संपत आलेला. त्याला इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबाने घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न कोणीही विचारलेला नसताना प्रतापनगरातील सहा मुलांनी तो निकालात काढण्याचे ठरवले होते, आणि त्यासाठी त्यांनी माझे घर निवडले होते.

माझेच घर का, तर कूलरमुळे. नागपूरच्या उन्हाळ्यात माणसाची प्रतिष्ठा त्याच्या पगारावर नसून त्याच्या कूलरवर ठरते, हे बाहेरगावच्या वाचकाने एकदा समजून घ्यावे. आमचा कूलर १९९८ च्या एप्रिलमध्ये घेतलेला, जाड पत्र्याचा, लोखंडी चौपाईवर उभा राहून हॉलची अख्खी खिडकी व्यापणारा. त्याच्या तिन्ही बाजूंना ताट्या. त्यांतली एक वाळ्याची, कारण तेवढी चैन परवडत असे. दिवसातून दोनदा त्यात पाइपने पाणी भरावे लागे. पंप अडला की उजव्या अंगाला, वरून चौथ्या फटीच्या किंचित खाली, तळहाताने एक थाप द्यावी लागे, आणि ती थाप किती जोराने द्यायची हे घरात फक्त मला माहीत होते. एकदा सुरू झाला की पंचेचाळीस अंशांच्या रात्रीही समोर बसलेल्या माणसाला चादर मागावी लागे. आवाज मात्र असा की टीव्हीवरच्या समालोचकाला ओरडावे लागे आणि मुलांना समालोचकाहून मोठ्याने ओरडावे लागे.

त्या महिन्यात फ्रान्समध्ये युरो ही युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा चालू होती. तिचे शेवटचे सामने आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होत आणि अडीचच्या सुमारास संपत. त्यानंतर वाद सुरू होई. मला सकाळी सव्वादहाला कार्यालयात पोहोचायचे असे. परंतु माझी खोली आणि हॉल यांच्यामध्ये एक पातळ भिंत आणि एक न लागणारे दार होते, त्यामुळे इंग्लंडमधील क्लबाच्या आक्रमणफळीची सगळी दुखणी मला अंथरुणात पडल्या पडल्या तोंडपाठ झाली. आदल्या मोसमात युनायटेडने लीगच्या ३८ सामन्यांत अवघे ४९ गोल केले होते आणि संघ पाचवा आला होता. प्रशिक्षक गेला होता, मोरिन्यो आला होता. गोल करणारा माणूस हवा याबद्दल सहाही जणांत एकमत होते. वाद त्याच्या जन्मतारखेचा होता.

विरोधी पक्षाचे नेतृत्व लाल जर्सी घालणाऱ्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडे होते. तिसऱ्या वर्षाचे दोन विषय मागे राहिलेले असल्याने त्याला भविष्यकाळाची फार काळजी असे. "चौतीस वर्षांचा होऊन राहिला बे तो," तो म्हणे. "आपल्याकडे अठरा वर्षांचा राशफर्ड आहे. त्याला बसवून या म्हाताऱ्याला खेळवतील काय?" मार्कस राशफर्डने त्याच वर्षी फेब्रुवारीत पहिल्याच सामन्यात दोन आणि तीन दिवसांनी आर्सेनलविरुद्ध लीगच्या पहिल्या सामन्यात आणखी दोन गोल केले होते, त्यामुळे या मुद्द्याला उत्तर देणे सोपे नव्हते. माझ्या मनात मात्र वेगळाच विचार आला. राशफर्ड अठरा वर्षांचा म्हणून कोवळा, आणि माझा कूलर अठरा वर्षांचा म्हणून त्याला घरात सगळे म्हातारा म्हणतात. मग एक्कावन्न वर्षांच्या माणसाला, तो पलीकडच्या खोलीत जागा आहे हे ठाऊक असूनही, ही मुले काय म्हणत असतील?

सत्ताधारी पक्ष आमच्या चिरंजीवांचा. त्यांच्याकडे आकडे होते. झ्लाटानने नुकत्याच संपलेल्या मोसमात फ्रान्सच्या लीगमध्ये ३८ गोल केले होते, सगळ्या स्पर्धा मिळून ५०. "आणि फुकट भेटून राहिला न बे!" हे वाक्य चिरंजीव दर दहा मिनिटांनी म्हणत. करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबाला पैसे मोजावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. परंतु स्वतःची मोटारसायकल, तिचे पेट्रोल आणि शिकवणीचे शुल्क हे सारे फुकट मिळते अशी ज्याची ठाम समजूत आहे, त्याच्या तोंडून तो शब्द ऐकताना बापाला वेगळ्याच कळा येतात. लाल जर्सी यावर म्हणे की फ्रान्सच्या त्या लीगमध्ये पॅरिसवाले दुसऱ्या क्रमांकापेक्षा ३१ गुणांनी पुढे होते, तिथे तर सोसायटीचा वॉचमनही वीस गोल मारेल. मग फाल्काओचे नाव निघे. दोन वर्षांपूर्वी तोही मोठ्या नावानिशी आणि दुखावलेल्या गुडघ्यानिशी युनायटेडमध्ये आला होता आणि लीगमध्ये चार गोल करून परत गेला होता. ते नाव निघाले की हॉलमध्ये क्षणभर अशी शांतता पसरे, जणू एखाद्या घरात मोडलेल्या सोयरिकीचा विषय निघावा.

शेजारचे काका हे या सभेचे ज्येष्ठ सदस्य. तरुणपणी कामठीच्या मैदानांवर ते हाफबॅक खेळत असत, असे ते सांगत. आणि त्यांच्या पोटाकडे पाहता ते मैदानाच्या नेमक्या मध्यभागी खेळत असावेत हे पटण्यासारखे होते. निवृत्तीनंतर त्यांना झोप येत नसे आणि आमच्याकडे उजेड दिसे. त्यांचा एकच मुद्दा होता, आणि तो म्हणजे कॅमेरूनचा रॉजर मिला. "१९९० चा वर्ल्ड कप मी पाहिला आहे बाप्पा. अडतीस वर्षांचा माणूस! राष्ट्राध्यक्षाने सांगितलं म्हणून परत आला, चार गोल केले आणि कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन नाचला." एवढे सांगून ते थांबत नसत, सोफ्यावरून उठून, एक हात पोटावर ठेवून, कंबर हलवून दाखवत असत. "आणि १९९४ ला, बेचाळीसाव्या वर्षी, रशियावर पुन्हा गोल! आजही वर्ल्ड कपमध्ये इतक्या वयाच्या माणसाने गोल केलेला नाही." लाल जर्सीने मोबाइलवर शोधून त्यांना नम्रपणे सांगितले की तो सामना कॅमेरून ६-१ ने हरले होते. काका हळूच खाली बसले. "गोल तर झाला न," असे ते स्वतःशीच म्हणाले. तेव्हा मी अंथरुणातून उठून बाहेर आलो आणि त्यांना पाणी दिले.

तिथेच माझी चूक झाली. बाहेर आलेला माणूस मतदार समजला जातो. "काका, तुम्हीच सांगा न," दोन्ही पक्ष एकदम म्हणाले. झोपेतून उठलेल्या माणसाला स्वतःचे मत असते ते एवढेच की सर्वांनी घरी जावे. परंतु मी म्हणालो, अनुभवी माणूस असावा, नव्या मुलांना शिकवायला उपयोग होतो. या वाक्यावर लाल जर्सी ज्या नजरेने माझ्याकडे पाहत राहिली, ती नजर मी ओळखतो. कार्यालयात माझ्या टेबलाशी दोन नवे कर्मचारी याच कारणाने बसवण्यात आले होते. महिनाभरात मी त्यांना नस्ती कशी बांधायची ते शिकवले आणि त्यांनी मला विसरलेला पासवर्ड कसा परत मिळवायचा ते चार वेळा शिकवले.

"शिकवेल ठीक आहे, पण तो प्रेस करत नाही न काका," लाल जर्सी म्हणाली. चेंडू गेला की आघाडीच्या खेळाडूनेही धावत जाऊन समोरच्याला घेरले पाहिजे, अशी सध्याच्या फुटबॉलची अपेक्षा असते, त्याला प्रेस करणे म्हणतात. आमच्या नागपुरात प्रेस ही इस्त्रीला म्हणतात. पाणी प्यायला उठलेल्या माझ्या आईने ते अर्धवट ऐकले आणि ती म्हणाली, "या घरात तरी कोण करतं? सगळे कपडे कोपऱ्यावरच जातात."

सौभाग्यवतींचा प्रवेश याहून गंभीर होता. मुलांच्या बोलण्यात "विंडो" हा शब्द, म्हणजे क्लबांना खेळाडूंची देवघेव करता येण्याची ठरावीक मुदत, सारखा येई: विंडो १ जुलैला उघडणार, विंडो ३१ ऑगस्टला बंद होणार, विंडो बंद होण्याआधी काय तो निर्णय घ्या. स्वयंपाकघरातून अर्धे ऐकणाऱ्या बाईने याचा जो अर्थ घेतला तो तिच्या दृष्टीने सरळ होता. "अहो, खिडकी बंद करायला ऑगस्ट कशाला?" ती सकाळी म्हणाली. "पाऊस लागला की लगेच काढा तो कूलर. आणि या वेळेस गच्चीवर नाही, कबाडीवाल्याला द्या."

मग आमच्या घरात दोन वाद समांतर चालू झाले. रात्रीचा हॉलमध्ये आणि दिवसाचा स्वयंपाकघरात, आणि दोहोंतली वाक्ये इतकी सारखी होती की मला कधी कधी आपण कोणत्या वादात आहोत हेच समजत नसे. जागा फार अडवतो. एका जागी उभा राहतो. हंगामात चार महिने उपयोग, बाकी वेळ नुसता सांभाळा. वीज किती खातो. आवाजच जास्त. त्याच्यामुळे नवा घेता येत नाही. मी चिरंजीवांकडून उसने घेतलेले मुद्दे सकाळी स्वयंपाकघरात वापरू लागलो. हेन्रिक लार्सन हा दुसरा स्वीडिश खेळाडू २००७ साली पस्तिसाव्या वर्षी युनायटेडमध्ये अवघ्या दहा आठवड्यांसाठी आला आणि तेवढ्यात सगळ्यांना आवडून गेला, हे मी पत्नीला सांगितले. "तोही खिडकीत बसायचा का?" तिने विचारले.

२३ जूनच्या पहाटे स्वीडन बेल्जियमकडून १-० ने हरून युरोबाहेर पडले. तीन सामन्यांत झ्लाटानचा एकही गोल नव्हता. स्वीडनच्या नावावर स्पर्धेत एकच गोल लागला होता, आणि तोही आयर्लंडच्या खेळाडूने आपल्याच जाळ्यात मारलेला. लाल जर्सीने त्या रात्री सर्वांना स्वतःच्या पैशाने तर्री पोहे खाऊ घालण्याची घोषणा केली, आणि सकाळी सहाला ती मंडळी खरोखरच टपरीवर गेली. चिरंजीव गेले नाहीत. ते कूलरसमोर पाठ करून झोपले होते. मी जाता जाता पंपाला एक थाप दिली. काही अडले नव्हते, उगाच दिली.

त्याच आठवड्यात कबाडीवाला येऊन गेला. त्याने कूलरभोवती एक फेरी मारली, बोटांनी पत्रा वाजवला आणि साडेसहाशे म्हणाला. एकोणीस उन्हाळे ज्याच्यासमोर झोपलो त्याची किंमत किलोवर ठरते हे पाहून मला वाईट वाटले. परंतु सौदा मोडला तो भावनेमुळे नव्हे, पत्नी आठशेच्या खाली उतरायला तयार नव्हती म्हणून. कूलर प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर गेला. ३० जूनला झ्लाटानने स्वतःच जाहीर केले की आपण मँचेस्टरला जात आहोत. करार एका वर्षाचा. सहा मुलांचे कोणीही ऐकले नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण सुखाचे दिवस सांगण्यासारखे नसतात. ऑगस्टमध्ये कम्युनिटी शील्डच्या सामन्यात लेस्टरविरुद्ध विजयी गोल त्याचा. फेब्रुवारीत लीग कपच्या अंतिम सामन्यात साउदॅम्पटनवर ३-२ असा विजय, त्यातले दोन त्याचे. मोसमात एकूण २८ गोल. लाल जर्सी प्रत्येक गोलावर इतरांहून उंच उडी मारत असे आणि "मला सुरुवातीपासून वाटतच होते" असे म्हणत असे. मार्चमध्ये कूलर खिडकीत परतला आणि पहिल्याच थापेला सुरू झाला. मी घरात जरा ताठ चालू लागलो.

२० एप्रिल २०१७ चा बेल्जियमच्या अँडरलेख्ट क्लबाविरुद्धचा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर झाला. निर्धारित वेळ संपत आली असताना झ्लाटान उंच उडाला आणि खाली येताना त्याचा उजवा गुडघा उलट्या दिशेने वाकला. टीव्हीवर ते पुन्हा दाखवले तेव्हा काकांनी दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले. जादा वेळेत विजयी गोल राशफर्डने केला. परंतु हॉलमध्ये कोणी ओरडले नाही. मुले गप्प बसली होती म्हणूनच बहुधा मला त्या रात्री कूलरचा आवाज नीट ऐकू आला, आणि त्यात एक नवी घरघर होती. चौथ्या दिवशी मोटर जळाली.

मिस्त्रीने ती उघडून वर्तमानपत्रावर मांडली. तांब्याच्या तारा काळ्या पडल्या होत्या. "वाइंडिंग करून देतो साहेब, नऊशे रुपये," तो म्हणाला. "पण किती दिवस चालेल ते नाही सांगत. पत्रा तेवढा आता असा येत नाही." मी पत्नीकडे पाहिले. तिने पदराने कपाळ पुसले. "एक वर्ष," ती म्हणाली. "एकच."

त्या वर्षीच्या ऑगस्टच्या शेवटी, पावसाने गच्चीवरचे प्लास्टिक भिजत असताना, चिरंजीव मोबाइल हातात घेऊन धावत आले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरही युनायटेडने त्याला पुन्हा एका वर्षासाठी करारबद्ध केले होते. "बाबा, म्हाताऱ्याला परत घेतला!" ते ओरडले.

स्वयंपाकघरातून उत्तर आले, "घ्या. पण मार्चच्या आधी खिडकीत लावू नका."