बाबा म्हणाले, "मी काही दाबलं नाही रे"

मोठी पोस्ट आहे, पण ज्यांच्या घरी नेटवर्कवरून गाणी वाजवणारा प्लेअर आहे आणि तो मधेच टक् करतो, अडखळतो, नाहीतर सरळ बंदच पडतो, त्यांनी वेळ काढून वाचा. मी यात चार महिने घालवलेत.

आमच्या हॉलमधे रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर, तोच आमचा प्लेअर) आहे, त्याला यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी डबी), डॅकमधून अ‍ॅम्प्लिफायर आणि बाबांचे जुने स्पीकर. गाणी माझ्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर, त्याच्यावर गाणी नेटवर्कवरून पाठवणारा लिरिअन म्युझिक सर्व्हर, म्हणजे आधी लॉजिटेक मीडिया सर्व्हर होता तोच. पाय ती गाणी वायफायवरून खेचतो. बाबांच्या तीनशेच्या वर कॅसेट आहेत, निम्म्या तर रेडिओवरून स्वतः भरलेल्या, त्या सगळ्या मी दोन वर्षं बसून फ्लॅकमधे (दर्जा न घटवणाऱ्या डिजिटल फाइलमधे) केल्या. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, पहाटे साडेपाचला उठतात, चहा होईपर्यंत ललत नाहीतर भैरव लावून खुर्चीत बसतात. हा त्यांचा दिवसातला सगळ्यात चांगला तास.

आणि हाच तास बिघडायला लागला. विलंबित चालू असताना मधेच टक्. कधी गाणं चार-पाच सेकंद गप्प आणि मग तिथूनच पुढे सुरू. आणि आठवड्यातून दोन-तीनदा सगळंच ठप्प, फोनवरच्या अ‍ॅपमधे प्लेअर दिसायचाच बंद. एकदा मी सहाला उठून बाहेर आलो तर बाबा टॅबलेट हातात घेऊन बसलेले, मला बघून म्हणाले, "मी काही दाबलं नाही रे." ज्या माणसाने आयुष्यभर रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, टेप सगळं स्वतः उघडून दुरुस्त केलं तो माणूस माझ्याच मशीनपुढे अपराध्यासारखा बोलत होता, हे मला फार लागलं.

मग मी सगळे करतात तेच केलं. ऑडिओच्या ग्रुपवर विचारलं. उत्तरं काय, तर लिनिअर पॉवर सप्लाय (कमी गोंगाटाचा वीजपुरवठा) घे, डॅक बदल, केबल बदल, हे सॉफ्टवेअर काढून ते टाक. कधी होतं, किती वेळ होतं, कसला आवाज येतो हे एकानेही विचारलं नाही. मी पण एका रविवारी बसून चार गोष्टी एकदम बदलल्या आणि त्यामुळे कशाने काय झालं ते कळायची सोयच उरली नाही. ग्रुपवर मदत करणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, समोरच्याला काही विकत घ्यायला लावायच्या आधी चार प्रश्न विचारा, कारण पैसे त्याचे जातात.

शेवटी दोनशे पानी वही आणली आणि स्पीकरशेजारी ठेवली. बाबांना म्हटलं तुम्ही फक्त लिहा, किती वाजता आणि काय झालं. बाबांनी तीन आठवडे सुंदर अक्षरात नोंदी केल्या, 'टक्', 'अडखळले', 'बंद' असे तीन वेगळे शब्द वापरून, आणि ते वाचताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी इतके दिवस एक बिघाड शोधतोय आणि इथे तीन आहेत. तिन्हींच्या वेळा वेगळ्या, तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

हे न कळल्यामुळे मी काय घोळ घातला ते सांगतो. पहिल्याच आठवड्यात मी मित्राकडून पायचा ओरिजिनल अ‍ॅडाप्टर आणून लावला होता, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरवाला. चार दिवस ठेवला, टक् टक् येतच होतं, म्हणून म्हटलं याचा काही संबंध नाही आणि परत करून टाकला. त्या चार दिवसांत प्लेअर एकदाही बंद पडला नव्हता हे माझ्या लक्षातच आलं नाही. खरं औषध हातात आलेलं आणि मी ते परत देऊन आलो, कारण दुसरा आजार बरा झाला नाही.

तर 'बंद' चं कारण चार्जर आणि केबल. माझ्याकडे मोबाइलचा ३३ वॉटचा चार्जर होता, मला वाटलं भरपूर झालं. पण ते ३३ वॉट मोबाइलशी बोलणी करून जास्त व्होल्टेजला मिळतात, पाय ४ अशी बोलणी करतच नाही, तो साधे ५ व्होल्टच घेतो. त्यात केबल बारीक. २८ गेजची एक मीटर तार म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर, साधारण ०.४ ओम, १ अँपिअर खेचला की ०.४ व्होल्ट तारेतच खलास, म्हणजे पायपर्यंत पोचले ४.६. आणि पायची धोक्याची रेषा ४.६३ व्होल्ट, त्याखाली गेलं की तो स्वतःच तक्रार नोंदवतो, बोर्डावरचा लाल दिवा क्षणभर विझतो. मी मेमरी कार्ड सारखं खराब होतं म्हणून पायला यूएसबीवरून एसएसडी डिस्क लावलेली, तिचा भार वेगळाच.

आता हे मला चार महिने का दिसलं नाही? कारण बंद पडलं की मी आधी प्लग काढून परत लावायचो आणि मग लॉग (मशीनने स्वतः केलेल्या नोंदी) बघायचो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' (vcgencmd get_throttled) ही कमांड दिली की व्होल्टेज पडलं होतं का ते कळतं, पण ती नोंद रिस्टार्ट केलं की पुसली जाते, आणि माझ्या सेटअपमधे लॉगसुद्धा रॅममधेच होते, म्हणजे प्लग काढला की तेही गायब. 'बंद करून चालू कर' हा सल्ला मला आता मनापासून नको वाटतो. वाजतंय तेव्हाच रोज संध्याकाळी एकदा ही कमांड द्या. माझ्याकडे पहिल्याच दिवशी ०एक्स५०००० आलं, म्हणजे सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि प्रोसेसर हळू केला गेला. सगळं ठीक असेल तर नुसतं ०एक्स० येतं.

'अडखळले' चं कारण वायफाय, पण स्पीड नाही. सीडीच्या दर्जाचं गाणं कॉम्प्रेस न करता सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट मागतं, तेवढं कुठलंही वायफाय देतं, स्पीड टेस्ट तर झकास यायची. डेस्कटॉपवरून पायला पिंग (छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघणं) लावून अर्धा तास सोडला तेव्हा दिसलं, तीन-चार मिलिसेकंद चाललेलं मधेच नऊशेवर जातंय, काही तर परतच येत नाहीयेत. कारण ती एसएसडी, निळ्या (यूएसबी ३) पोर्टात, पायला अगदी चिकटून ठेवलेली. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ मधेच यावर पेपर काढलेला आहे. एसएसडी काळ्या (यूएसबी २) पोर्टात लावली, पिंग लगेच सरळ झाला. नंतर दहा मीटरची लॅन केबल आणून तो विषयच संपवला, भिंतीला क्लिपा मारल्यात, बायकोने रंगाला मॅच होणारी पांढरी केबल मिळेपर्यंत थांबायला लावलं ते बरोबरच केलं.

'टक्' ला सगळ्यात जास्त वेळ गेला. बाबांच्या वहीत दोन नोंदींपुढे कंसात 'फ्रिज' लिहिलेलं. मी फ्रिज आणि पंख्याचं बटण चालू-बंद करत बसलो, पाचात तीन वेळा टक्. आणि एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती पण मी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं, डॅकच्या डब्याला अनवाणी पायाने हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या. वायरमनला बोलावलं. त्याने हॉलचा बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर स्क्रूमधून निसटून आत मोकळी लोंबत होती. तीन पिनचं सॉकेट, तिसरी पिन नुसती शोभेला. त्याने वायर आवळली, अ‍ॅम्प्लिफायर आणि पाय एकाच एक्स्टेंशनवर घेतले, फ्रिजला वेगळं सॉकेट दिलं, मी डॅकची दोन मीटरची यूएसबी केबल काढून अर्ध्या मीटरची लावली. झिणझिण्या गेल्या, टक् गेलं. आवाजाचं जाऊ दे, ती वायर तशी असणं घरच्यांसाठी धोक्याचं होतं, त्यामुळे कुणाला झिणझिण्या येत असतील तर आजच वायरमनला फोन करा. बोर्ड स्वतः उघडू नका.

एक टक् मात्र राहिलंच. बाबांच्या वहीत तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाच ललतात, ११ मिनिटं ४० सेकंदांना. दर वेळी त्याच जागी आवाज येत असेल तर तो फाइलमधेच असतो, प्लेअरचा काही दोष नाही. खरं तर ही तपासणी सगळ्यात आधी करायला हवी, फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे. मी बाबांना ती जागा दोनदा ऐकवली. ते लगेच म्हणाले, "हा माझा टक् आहे. मधे बातम्या लागल्या तेव्हा मी पॉज दाबला होता." मी एडिटरमधे उघडून काढून टाकणार होतो, ते म्हणाले राहू दे.

एकूण खर्च, अ‍ॅडाप्टर, लॅन केबल, छोटी यूएसबी केबल आणि वायरमन धरून, ग्रुपवर सुचवलेल्या लिनिअर सप्लायच्या पाव किमतीतसुद्धा नाही. दीड महिना झाला, वहीत नवीन नोंद नाही.

कुणाचा प्लेअर असाच त्रास देत असेल तर खाली लिहा, पण आधी आठवडाभर नोंदी करा, आवाजाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळं नाव द्या आणि बदल एका वेळी एकच करा. बरं वाटलं नाही म्हणून चांगला अ‍ॅडाप्टर काढून परत जुना लावू नका. पुण्यात असाल तर मी मल्टिमीटर घेऊन घरी येतो, खरंच येतो, रविवारी सकाळी दहानंतर, आधी बाबांचं गाणं होऊ दे.