19 ऑगस्टला पहिला फोटो निघालेला नाही

दर 19 ऑगस्टला, म्हणजे जागतिक छायाचित्रण दिनाला, कोल्हापुरातल्या आम्हा फोटोग्राफरांच्या ग्रुपवर सकाळीच तो मेसेज येतो: ‘1839 साली आजच्या दिवशी दागेरनं जगातला पहिला फोटो काढला, शोध जगाला फुकट दिला आणि चित्रकला संपली.’ कॅमेऱ्याला हार घालायला माझी ना नाही. पण यातलं एकही वाक्य धड नाही.

पहिला फोटो त्याच्या बारा-तेरा वर्षं आधीचा. टिकून राहिलेला सर्वांत जुना कॅमेऱ्यातला फोटो नीएप्स या फ्रेंच संशोधकाचा, 1826-27 च्या सुमाराचा. कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा पातळ थर देऊन त्यानं तो खिडकीतल्या कॅमेऱ्यात ठेवला. ऊन लागलं तिथलं डांबर घट्ट बसलं, उरलेलं लव्हेंडरच्या तेलानं धुऊन निघालं. त्या फोटोत समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन आहे! पत्रा इतके तास उघडा होता की तेवढ्यात सूर्य एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला. नीएप्स 1833 साली वारला. दागेर त्याचा भागीदार. 19 ऑगस्टला झालं ते एवढंच की पॅरिसला विज्ञान आणि ललितकला या दोन अकादमींच्या एकत्र सभेत अरागो या शास्त्रज्ञानं दागेरची फोटो काढायची रीत सगळ्यांसमोर उघड केली.

फुकट म्हणाल, तर फ्रेंच सरकारनं दागेरला वर्षाला 6000 आणि नीएप्सच्या मुलाला 4000 फ्रँक तहहयात पेन्शन लावून ती रीत घेतली. इंग्लंडात तर पाच दिवस आधीच, 14 ऑगस्टला, तिचं पेटंट झालं होतं.

राहिलं ‘चित्रकला संपली’. हे वाक्य फ्रेंच चित्रकार दलारोशच्या तोंडी घालतात. त्यानं अरागोला दिलेलं टिपण मात्र उलटं सांगतं: ही रीत चित्रकारांच्या फार उपयोगाची आहे. आणि कोल्हापूरकरानं तरी हे वाक्य पुढं पाठवू नये. इथलेच आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे. सिनेमाचा कॅमेरा आपल्या हातानं बनवायला त्यांनीच घेतला. 1916 साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ब्रश त्यांनी खाली ठेवला नाही. आपल्या सिनेमांची पोस्टरंही ते स्वतः रंगवत. त्याच काळात चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापुरातल्या कोटितीर्थ तलावाच्या काठावर बसून पाण्यावरचा उजेड रंगवत होते.

यंदा मेसेज टाकाल तेव्हा ‘पहिला फोटो काढला’ खोडून ‘रीत जाहीर झाली’ लिहा. आणि दागेरच्या आधी नीएप्सचं नाव घाला.