कागदावर मी अकरा वर्षं हेल्पर होतो

भोसरीतल्या माझ्या जुन्या टूलरूममधल्या, म्हणजे प्रेसची टूल्स जिथे बनतात तिथल्या, एका पोराचा परवा मेसेज आला. "दादा, गेल्या महिन्यात कॉन्ट्रॅक्टरनं ब्रेक दिला, परत कामावर घेतलंच नाही. जर्मनीला यायचं म्हणतोय, बायको-पोरांसकट. एजंट साडेचार लाख सांगतोय. भरू का?"

भरू नकोस, एवढंच तेव्हा लिहिलं. बाकीचं इथे लिहितो, कारण असे मेसेज मला महिन्याला दोन-तीन येतात आणि प्रत्येकाला वेगळं सांगून आता बोटं दुखतात.

माझी गोष्ट थोडक्यात. १९९९ ला आयटीआय फिटर, मग एक वर्ष अप्रेंटिसशिप आणि ती पूर्ण केल्याचं नॅकचं सर्टिफिकेट. आठ वर्षं एका छोट्या वर्कशॉपमध्ये, ते बंद पडल्यावर अकरा वर्षं एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये, कॉन्ट्रॅक्टरमार्फत. जुलै २०२० मध्ये गेटवर पंचिंग कार्ड चालेना. सिक्युरिटीवाल्यानं, जो रोज माझ्या डब्यातली चटणी खायचा, त्यानं खाली मान घालून सांगितलं, "कॉन्ट्रॅक्टरला फोन करा." तेव्हा मी चाळीस वर्षांचा. मोशीत वन बीएचके, त्याचा हप्ता, मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीन. दोन वर्षं घर बायकोच्या पतसंस्थेतल्या अकरा हजारांवर आणि माझ्या मिळेल त्या जॉबवर्कवर चाललं. ऑक्टोबर २०२२ ला मी इकडे जर्मनीला आलो, आठ महिन्यांनी बायको-मुलं आली.

लोकांना वाटतं, अडलं असेल ते भाषेवर. भाषेनं छळलं खरं. चाळिशीत जर्मन नामांआधीचे डेर-डी-दास पाठ करताना मुलगी हसायची. पण भाषा रोज दोन तास बसलं की येते. मी खरा अडकलो तो आमच्याच कागदांवर.

जर्मनीसाठी कागद भाषांतराला दिले आणि तिसऱ्या दिवशी भाषांतर करणाऱ्या मॅडमचा फोन आला. "काका, तुमच्या सगळ्या पगारपत्रकांवर हुद्दा हेल्पर आहे. भाषांतरात तेच येणार. चालेल ना?" मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि जरा वेळ तसाच बसून राहिलो.

पत्रा कापणाऱ्या प्रेस टूलच्या पंच आणि डाय या दोन भागांत किती फट ठेवायची, कापलेल्या पत्र्याची कड बघून ती कुठल्या बाजूला कमी पडलीय, निळा रंग लावून दोन भागांचं मॅचिंग कसं काढायचं, हे मी अकरा वर्षं करत होतो आणि पोरांना शिकवत होतो. कागदावर मी अकरा वर्षं हेल्पर. अकुशल. कारण साधं आहे: किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वेगवेगळे असतात आणि कॉन्ट्रॅक्टरला सर्वात स्वस्त रकाना आवडतो. अकरा वर्षांत चार कॉन्ट्रॅक्टर बदलले. माणसं तीच, मशीन तेच, पीएफच्या पासबुकात मात्र चार वेगवेगळ्या आस्थापना. कंपनीच्या नावाचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. माझाही दोष आहे. दर महिन्याला पगाराचा आकडा बघायचो, वर हुद्दा काय लिहिलाय ते एकदाही वाचलं नाही.

आता इथली पद्धत ऐका. फिटरच्या कामाशी इथला सर्वात जवळचा व्यवसाय म्हणजे इंडुस्ट्रीमेखानिकर. त्याचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, थोडं शाळेत, बरंचसं कारखान्यात. तुमचं आयटीआय त्याच्याशी ताडून बघण्याचं काम न्युरेंबर्गची आय.एच.के. फोसा ही संस्था करते. फी काहीशे युरो. आपले आयटीआयचे दोन वर्षं आणि अप्रेंटिसशिपचं एक, तिथे अभ्यासक्रम कमी पडतो. पण कमी पडलेला भाग कामाच्या अनुभवानं भरून काढता येतो. अट एकच, अनुभव सिद्ध करायचा. सिद्ध म्हणजे कुठलं काम, कुठल्या मशीनवर, किती वर्षं, सहीशिक्क्यानिशी.

जर्मनीत हे कुणाला जड जात नाही. नोकरी सोडताना मालकाकडून लेखी आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र, मिळणं हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. त्याची भाषाही मजेशीर असते, वाईट लिहायचं नाही म्हणून सगळं गोडच लिहितात. नुसतं 'आमच्या समाधानाप्रमाणे काम केलं' असं लिहिलं तर समजायचं, गडी काठावर पास. पण कागद मिळतो.

आपल्याकडे असा नियमच नव्हता असं वाटेल. होता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या केंद्रीय नियमांत स्पष्ट होतं की काम संपलं की कॉन्ट्रॅक्टरनं सेवा प्रमाणपत्र द्यायचं, त्याचा नमुनाही ठरलेला, फॉर्म पंधरा. माझ्या ओळखीच्या एकाही कामगारानं तो फॉर्म डोळ्यांनी पाहिलेला नाही. 'आपल्या पोरांच्या हातात कला आहे, जगात मागणी आहे' असं कुणी भाषणात म्हणालं की मला तो फॉर्म आठवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, सुरुवातीला १०,००० जणांचं बोलणं होतं. चांगलंच आहे. पण ज्यानं वीस वर्षं काम केलं आणि कागदावर हेल्पर राहिला, त्याला कुठल्या रकान्यात बसवणार?

मी कागद कसे जमवले ते सांगतो. छोट्या वर्कशॉपचे मालक वारले होते, जागेवर टाइल्सचं गोडाऊन झालेलं. त्यांच्या मुलानं माळ्यावरून जुन्या लेटरहेडचा गठ्ठा काढला, सहा आकडी फोन नंबरवाला, आणि वडिलांच्या हजेरीच्या वहीतून तारखा काढून पत्र लिहून दिलं. मोठ्या कंपनीनं 'तुम्ही आमचे एम्प्लॉयी नाही' सांगितलं. मग टूलरूमचे रिटायर झालेले इन्चार्ज, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फुलस्केपवर स्वतःच्या अक्षरात माझ्या हातून गेलेल्या एकवीस टूल्सची यादी केली. कुठला पार्ट, किती टनाचा प्रेस, पत्रा किती जाडीचा. चहा गार झाला, त्यांनी पेन सोडलं नाही.

निकाल आला, अर्धी मान्यता. कमी काय, तर हायड्रॉलिक्स, न्यूमॅटिक्स आणि कंट्रोलचा भाग. तेवढं इथल्या कारखान्यात काम करत शिकायचं, त्यासाठी वेगळा व्हिसा असतो. मुलाखतीत इथल्या माइस्टरनं, म्हणजे मुख्य कारागिरानं, ती एकवीस टूल्सची यादी वरून खाली दोनदा वाचली आणि नवव्या नंबरच्या टूलवर पाऊण तास प्रश्न विचारले. चौदा महिन्यांनी पूर्ण मान्यता मिळाली.

वयाचंही डोक्यात ठेवा. पंचेचाळीसनंतर पहिल्यांदा नोकरीसाठी येणाऱ्याला ठरावीक मोठा पगार किंवा म्हातारपणाची सोय दाखवावी लागते. बघू पुढच्या वर्षी, असं म्हणणारे माझे दोन मित्र त्या रेषेपलीकडे गेले.

आणि कुटुंबासकट म्हणजे कागद दुप्पट. बायकोच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगनं. एजंटनं अपोस्टिलचे, म्हणजे परदेशात दाखला चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याचे, पैसे घेतले. नंतर कळलं की आपल्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांचं अपोस्टिल जर्मनी मानतच नाही, त्यांची वेगळी पडताळणी असते. गेले ते पैसे. परवानाधारक एजंटला घेता येणाऱ्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. साडेचार लाख कसले मागतोय तो?

बायकोबद्दल एक सांगायचंय, ती रागावली तरी. माझ्या हेल्परपणाचं दुःख मी वर रंगवून लिहिलं. तिची पतसंस्थेतली बारा वर्षांची नोकरी, तिचे हिशोब, तिचं टॅली, ते सगळं इथे शून्य झालं. आता ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आहे. सकाळी साडेपाचला निघते. माझ्या मान्यतेचा कागद आला त्या दिवशी मी फ्रेम आणली, तर म्हणाली, "लाव. भिंतीवर माझ्या कागदालाही जागा सोड." तिचा जर्मनच्या बी-वन पातळीचा क्लास चालू आहे. मुलगी इथे आल्यावर शाळेत भाषेच्या तयारी वर्गात होती, आता आमच्या जर्मनच्या चुका काढते. मुलगा मराठीत भांडतो आणि जर्मनमध्ये माफी मागतो.

तर बाळा, तुझ्यासाठी. एजंटला काही देऊ नकोस. आज रात्रीच यूएएनचं, म्हणजे पीएफ नंबरचं, पासबुक उतरवून घे, सगळ्या आस्थापनांचं. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, जुने गेटपास, जे असेल ते एका फाइलमध्ये लाव. ब्रेक दिलाय म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर अजून फोन उचलतोय, तोवर सेवा प्रमाणपत्र लेखी माग, व्हॉट्सअॅपवर माग, म्हणजे मागितल्याचा पुरावा राहील. आणि रविवारी आपल्या इन्चार्ज साहेबांकडे जा. फुलस्केप तू ने, त्यांच्याकडचे संपलेत. दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे गेलेत, तेव्हा खाली बोलावू नकोस, तूच वर जा.