मणका ‘जागेवर बसवणाऱ्या’ संदेशात काय खरे, काय खोटे

मान कडकन वाजवतानाच्या व्हिडिओखाली एक मजकूर सध्या फिरतो आहे. तो थोडक्यात असा: ‘१८९५ साली अमेरिकेत डॉ. पामर यांनी एका बहिऱ्या माणसाचा सरकलेला मणका हाताने बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले. ९५ टक्के आजार मणका सरकल्यामुळेच होतात. कडकड आवाज आला की मणका जागेवर बसला. ॲलोपॅथीवाल्यांनी ही विद्या दडपली, पण ते कोर्टात हरले. आज ती अमेरिकेत सरकारमान्य आहे. औषध नाही, म्हणून धोकाही नाही.’

ही ‘विद्या’ म्हणजे कायरोप्रॅक्टिक, मणक्यांना हाताने झटका देण्याची उपचारपद्धती. ती करणारा तो कायरोप्रॅक्टर. संदेशातल्या बऱ्याच घटना घडलेल्या आहेत. घोळ आहे तो त्यांतून काढलेल्या अर्थात.

बहिऱ्याला ऐकू आले

डॅनियल डेव्हिड पामर (आडनावाचा मराठी अर्थ इथे मनात आणू नये) मूळचे कॅनडाचे. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये ते चुंबकीय उपचार करत. संदेशातला बहिरा माणूस म्हणजे हार्वी लिलार्ड. त्याच इमारतीची झाडलोट आणि देखभाल त्यांच्याकडे होती. उपचाराची तारीख १८ सप्टेंबर १८९५ अशी सांगतात, पण पामर यांच्याच १८९७ च्या पत्रकात लिलार्ड यांच्या नावाने छापलेले निवेदन उपचार ‘आठ महिन्यांपूर्वी’ झाल्याचे सांगते. हे गणित १८९५ पर्यंत पोचत नाही.

तारखेचे सोडून देऊ. खरी अडचण शरीररचनेची आहे. ऐकण्याची नस कानाच्या आतल्या भागातून निघते आणि कवटीच्या आतूनच मेंदूच्या देठाला मिळते. पाठीच्या कण्यात ती उतरतच नाही. पाठीतला मणका दाबून ती मोकळी कशी होणार?

९५ टक्के आजार

हा आकडा पामर यांनी १९१० च्या आपल्या ग्रंथात लिहिला. तो रुग्ण मोजून काढलेला नव्हता, तो त्यांचा सिद्धान्त होता. ब्रिटनमध्ये या व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये सांगितले की अशा ‘सबलक्सेशन’मुळे, म्हणजे मणका जागेवरून किंचित सरकल्यामुळे, आजार होतात या दाव्याला संशोधनाचा आधार नाही.

मणका खरोखर पुढे सरकतो, नाही असे नाही. त्याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. तो एक्स-रेत दिसतो आणि हाताच्या झटक्याने मागे जात नाही. ‘गादी सरकली’ हे त्याहून वेगळे. दोन मणक्यांमधल्या चकतीचा भाग बाहेर फुगतो आणि नस दाबतो. साध्या एक्स-रेत गादी दिसतच नाही, त्यामुळे एक्स-रेवर पेनाने रेघ मारून ‘ही बघा सरकलेली गादी’ असे कुणी दाखवले, तर तिथून उठावे हे बरे.

कडकड आवाज

मणक्यांच्या मागच्या बाजूला जोडीजोडीने छोटे सांधे असतात. त्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांधा ताणाच्या टोकापर्यंत नेऊन सेकंदाच्या पाचव्या भागाहून कमी वेळात झटका दिला की आतला दाब एकदम उतरतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटे मोडतो तेव्हाही हेच होते. एकदा वाजलेले बोट साधारण वीस मिनिटे पुन्हा वाजत नाही, मग वाजते. हाड ‘बसले’ असते, तर पुन्हा वाजले कशाला असते?

आराम मात्र खोटा नाही. स्नायू सैलावतात आणि काही काळ दुखणे बोथट होते. कंबरेच्या साध्या दुखण्यात सुमारे सहा आठवड्यांपर्यंत थोडासा फायदा चाचण्यांत दिसला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शनात शेक आणि मालिश यांच्या जोडीने हा पर्यायही आहे. त्यापलीकडे दमा, मधुमेह, बहिरेपण यांत असा आधार नाही. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खाण्याची आपल्याकडे रीत होती. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते, श्रेय लाथेला जाते.

कोर्ट आणि सरकारमान्यता

इथे संदेशाने सगळ्यात मोठी उडी मारली आहे. १९०७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावी मोरिकुबो या कायरोप्रॅक्टरवर विनापरवाना ऑस्टिओपॅथी (हाडे आणि स्नायू हाताळून उपचार करण्याची दुसरी पद्धत) केल्याचा खटला झाला. वकील टॉम मॉरिस यांचा बचाव असा, की ही ऑस्टिओपॅथी नाहीच, हिचे तत्त्वज्ञान वेगळे आहे. मोरिकुबो सुटले. पुढे ‘आम्ही निदान करत नाही, विश्लेषण करतो, उपचार करत नाही, ॲडजस्टमेंट करतो’ ही भाषा या व्यवसायाची ढाल झाली. वेगळेपण टिकवायचे, तर सबलक्सेशनही टिकवणे भाग होते.

पहिला परवाना-कायदा कॅन्ससमध्ये १९१३ साली आला. कॅलिफोर्नियात १९२२ मध्ये तो थेट मतदानाने झाला. शेवटचे राज्य लुइझियाना, १९७४. मते मोजून कायदा होतो, मणका सरकला की नाही हे त्यातून ठरत नाही.

दडपण्याचा आरोप अर्धा खरा आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली आणि आपल्या डॉक्टरांना कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवू दिले नाहीत. विल्क या कायरोप्रॅक्टरने भरलेल्या खटल्यात १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेटझेंडॅनर यांनी हा बहिष्कार स्पर्धाविरोधी, म्हणून बेकायदा ठरवला. हा निवाडा बाजारातल्या वागणुकीचा होता. उपचार शास्त्रीय आहेत का, हा प्रश्न त्यात निकाली निघाला नाही.

धोका नाही?

कंबरेपेक्षा मानेची काळजी जास्त. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी कशेरुका धमनी मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढते आणि वरच्या दोन मणक्यांपाशी वळणे घेते. मान वळवून झटका दिल्यावर तिचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. हे विरळ आहे. त्यात आणखी एक पेच: धमनी आधीच फाटलेली असेल, तर तिचे पहिले लक्षण मानदुखीच असू शकते आणि माणूस नेमका मान मोडून घ्यायला जातो. म्हणून पूर्वी कधी नव्हती अशी, अचानक सुरू झालेली एका बाजूची मानदुखी किंवा डोकेदुखी असेल, तर मानेला झटका देऊ नये. गळ्यात पट्टा अडकवून डोके खेचण्याचे प्रकार तर नकोतच.

हाडे ठिसूळ असणे, दीर्घकाळ स्टेरॉइड, कर्करोग, आणि आपल्याकडे विसरू नये असा मणक्याचा क्षयरोग (रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप, वजन घटणे) यांतही झटका नको. लघवी अडणे, बसायच्या जागेची बधिरता किंवा पायातली ताकद जाणे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मान मोडून घेतल्यावर चक्कर, दोन-दोन दिसणे, बोबडे बोलणे, गिळायला त्रास, चालताना तोल जाणे किंवा चेहऱ्याची बधिरता आली, तर ‘झोपून बघू’ म्हणू नका. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्णालयात पोचताच मानेला झटका दिला होता हे आणि किती वाजता, हे आधी सांगा. ते कळले नाही, तर मानेच्या धमन्यांची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारी तपासणी) मागे पडू शकते.