सातहजारी

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या ड्रायव्हरकडच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून गाडीत अमुक इतक्या वजनापेक्षा जास्त काही घालू नका, असं त्यावर छापलेलं असतं. ते घेणारा वाचत नाही, वापरणारा वाचत नाही, आणि गाडी विकायला काढली की पुढचा गिऱ्हाईकही वाचत नाही. आमच्या घरात मात्र ते सगळ्यांना तोंडपाठ झालंय. 1,680 पाउंड. किलोत 762.

हे खूळ पाड्रे आयलंडमुळे शिरलं. टेक्सासमध्ये कॉर्पस क्रिस्टीच्या दक्षिणेला हा वाळूचा लांबच लांब दांडा आहे. 1962 साली तिथला बराचसा भाग राष्ट्रीय किनारा म्हणून राखून ठेवला, म्हणून तिथे आजही हॉटेल नाही, बंगले नाहीत, भेळेची गाडी नाही. डांबरी रस्ता एका जागी संपतो आणि त्यापुढे साठ मैल नुसती वाळू. त्या वाळूवर गाडी घालायची, हवं तिथे थांबायचं, राहायचं. राहण्याचा परवाना फुकट. शेवटचा शब्द ऐकल्यावर मराठी माणूस किती वेळ शांत बसणार?

त्या फुकट मुक्कामासाठी मग पैसे खर्च करायला सुरुवात झाली. पिकअप होतीच. तिच्या हौद्यात बसणारा, छप्पर वर उचललं की आत उभं राहता येईल असा कॅम्पर, म्हणजे झोपायचं-राहायचं खोकं, घ्यायचं ठरलं. माहितीपत्रकात त्याचं वजन 940 पाउंड दिलं होतं. मी खूश. नंतर कळलं की ते नुसत्या खोक्याचं वजन. त्यात फ्रीज नाही, बॅटरी नाही, गॅसचं नळकांडं नाही, गाद्या नाहीत. स्थळ बघताना मुलाचा पगार सांगतात आणि कर्जाचे हप्ते सांगत नाहीत, त्यातलाच प्रकार. सगळं बसवून होईपर्यंत खोकं साडेअकराशेवर गेलं.

त्यानंतर घरात एक नवा कायदा आला. गाडीत जाणारी प्रत्येक वस्तू आधी बाथरूमच्या काट्यावर. आता हा काटा पाच-सात पाउंडांची वस्तू एकटी ठेवली तर हलतसुद्धा नाही. ती हातात धरून स्वतः उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. बायकोने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी काही धरून उभी राहणार नाही." त्यामुळे कुकर, मसाल्याचा डबा, वाळूत रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, कॉम्प्रेसर, फावडं हे सगळं छातीशी कवटाळून मीच काट्यावर चढत-उतरत होतो. माणसांचंही वजन धरावं लागतं म्हणून मी तिला एकदा जपून विचारलं. तिने आकडा सांगितला. तो लग्नाच्या वेळचा होता. मी तक्त्यात मुकाट्याने तोच भरला आणि "इतर" असा एक रकाना उघडून त्यात पंचवीस पाउंड घातले.

तेवढ्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. सांगली जिल्ह्यात त्यांचा ऊस आहे, आणि लेकीकडे ते सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते. मी त्यांना मोठ्या तळमळीने लेबल दाखवलं.

"साडेसातशे किलो?" अण्णा म्हणाले. "पाव्हणं, आमच्याकडं बैलगाडीत दीड-दोन टन ऊस जातोय. आन् ती बैलं काय डिझेल पीत न्हाईत."

"अण्णा, इथे त्याहून जास्त घातलं तर ब्रेक नीट लागत नाहीत, टायर तापून फुटतात."

"मग पाटे वाढवा."

इथे अण्णांशी वाद घालणं अवघड होतं, कारण अर्धी अमेरिका तेच करते. मागच्या पाट्यांना जोड देणाऱ्या स्प्रिंगा मिळतात, हवेच्या पिशव्या मिळतात. त्या घातल्या की गाडीचा मागून टेकलेला भाग वर येतो आणि गाडी ऐटीत उभी राहते. पण दारावरचा आकडा काही वाढत नाही, कारण आस तोच, ब्रेक तेच, टायर तेच. मी पिशव्या बसवल्या. आकडा तोच राहिला. ऐट मात्र आली.

कॅम्पर हौद्यात चढवणं हा स्वतंत्र सोहळा आहे. तो चार कोपऱ्यांवरच्या चार जॅकवर उंच उभा असतो, आणि त्याच्या पोटाखाली ट्रक मागे घ्यायचा असतो. चाकांवरच्या उंचवट्यांपाशी दोन्ही बाजूंना जेमतेम इंचभर जागा. ट्रक जॅकला लागला तर खोकं खाली, आणि मग आकड्यांचा प्रश्न कायमचा सुटतो. आत बसलेल्याला काही दिसत नाही, म्हणून बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं. आमच्याकडे सांगणारे दोघे होते.

"येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..." अण्णांनी एसटी स्टँडवरच्या कंडक्टरचा सूर लावला, हातानं गाडीचा पत्रा थापटत.

"थांब! उजवीकडे घे," बायको.

"डावं मारा, डावं!" अण्णा.

"कोणाचं डावं?" मी.

"माझं!"

अण्णा माझ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांचं डावं म्हणजे माझं उजवं, म्हणजे बापलेक एकच सांगत होते आणि मला दोघांचंही ऐकू नये असं वाटत होतं. कुत्र्याला फिरवणाऱ्या शेजारीणबाई थांबून बघत राहिल्या. पुढच्याच आठवड्यात वसाहतीच्या समितीचं पत्र आलं: घरासमोर कॅम्पर उभा करून ठेवणं नियमात बसत नाही. पुण्यातल्या सोसायटीत निदान सेक्रेटरी जिन्यात गाठून बोलतो. इथे फोटोसकट पत्र येतं. फोटोत अण्णांचा उंचावलेला हात अगदी स्पष्ट आला होता.

शेवटी मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सगळं भरून निघालो. आधी वजन करायचं, मग हायवेला लागायचं, ही माझी अट. इथे मोठ्या मालट्रकवाल्यांसाठी पेट्रोलपंपांवर वजनकाटे असतात. काट्यावर गाडी न्यायची, बटण दाबून आतल्या माणसाशी बोलायचं, मग आत जाऊन पावती घ्यायची. ते बटण अठरा चाकी ट्रकच्या खिडकीच्या उंचीवर असतं. मी पिकअपच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलो तरी हात पुरेना. अण्णांनी मागून छत्री दिली. छत्रीच्या टोकानं बटण दाबलं.

काटा म्हटल्यावर अण्णा एकदम जागे झाले होते. आयुष्य साखर कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्या मोजून घेण्यात गेलेलं.

"पाव्हणं, हितं बी काटा मारत्यात काय?"

"नाही हो अण्णा. इथे कशाला मारतील?"

"कशाला म्हंजे? काटा हाय म्हंजे मारत्यातच."

ते खाली उतरले आणि काट्याच्या कडेकडेने चालत जाऊन कुठे काही अडकवलंय का ते बघून आले. मग पावती आली. पुढच्या आसावर किती, मागच्या आसावर किती, एकूण किती. एकूण 7,180 पाउंड. दारावर दुसरं एक लेबल असतं, त्यावर गाडीसकट सगळ्याची कमाल मर्यादा: 7,000. मोगलांनी दिलेल्या मनसबीसारखी आमची गाडी सातहजारी, आणि आम्ही वर एकशेऐंशी घेऊन चाललेलो.

काय कमी करायचं? पाणी. टाकीत वीस गॅलन होतं, आणि पाणी गॅलनला आठ पाउंडांहून थोडं जास्त भरतं. म्हणजे 167 पाउंड. किनाऱ्याच्या उद्यानात पाणी भरायची सोय आहे, ते तिथे भरू. मी नळ सोडला. डांबरावरून पाण्याचा ओघळ लांबवर गेला.

अण्णा तो बघत हसायला लागले. थांबेनात. "आमच्याकडं उसाला पानी मारून वजन वाढवत्यात, पाव्हणं. तुमी काट्यावर येऊन पानी सोडताय!"

राहिले तेरा पाउंड. खलबत्ता चौदा पाउंडांचा होता. अस्सल दगडी, अण्णांनी विमानातून आणलेला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. बायको म्हणाली, "ठेचा मिक्सरमध्ये करायचा?" त्या प्रश्नाला उत्तर नसतं. घर वीस मिनिटांवर होतं. परत गेलो आणि माझी घडीची खुर्ची, माझे जादाचे बूट आणि मी वाचायला घेतलेली दोन जाडजूड पुस्तकं उतरवली. खलबत्ता मागच्या सीटवर अण्णांच्या शेजारी बसला. अण्णांनी त्याला पट्टा लावला.

पट्ट्यावरून आठवलं. टेक्सासमध्ये समुद्रकिनारा हा सार्वजनिक रस्ता धरतात. म्हणजे वाळूवरसुद्धा नंबरप्लेट हवी, लायसन्स हवं, वेगमर्यादा पाळायची आणि सीटबेल्ट लावायचा. समोर नुसता समुद्र, माणूस नाही, सिग्नल नाही, आणि आम्ही तिघं पट्टे लावून ताठ बसलेलो. अण्णा म्हणाले, "धडकायचं कुणाला, देवमाशाला?"

वाळूत शिरायच्या आधी टायरमधली हवा सोडावी लागते. हवा कमी झाली की टायर पसरतो, वाळूवर त्याचा टेका वाढतो आणि गाडी रुतण्याऐवजी वरून तरंगत जाते. पस्तीसवरून वीसवर आणायची. चारी टायरांतून फुस्स आवाज येऊ लागला तेव्हा अण्णांचा जीव खालीवर झाला. पैसे देऊन भरलेली हवा माणूस आपल्या हातानं सोडतोय हे त्यांना बघवेना. येताना छोट्या कॉम्प्रेसरने परत भरायची आहे, असं सांगितलं तेव्हा तर त्यांनी लेकीकडेच बघितलं. कुठे दिली आपण पोर, असं.

इथे माझ्या व्यवस्थापनातला बारकावा पुढे आला. पाणी उद्यानात शिरल्यावर भरलं, म्हणजे चांगल्या डांबरी रस्त्यावर आमची गाडी हलकी होती आणि रुतायची भीती असलेल्या वाळूत शिरताना पूर्ण जड. बायकोने हे शांतपणे लक्षात आणून दिलं. मी तिला सांगितलं की हायवेवर ब्रेक महत्त्वाचे असतात. ती म्हणाली, "आणि वाळूत?" मी म्हटलं, "वाळूत अण्णा आहेत." ते खरंच निघालं. पाच मैलांच्या खांबापुढे फोर-व्हील ड्राइव्हशिवाय जाऊ नका अशी ताकीद आहे. त्याच्यापुढे एका मऊ पट्ट्यात मागची चाकं बसायला लागली, तेव्हा अण्णांनी फावडं हातात घेतलं आणि उसाला पाण्याचे दंड पाडावेत तसे दोन सरळ चर काढून चाकं मोकळी केली. फळ्या घातल्या, गाडी निघाली. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "वाळू सोपी. चिखलात या कधी."

गाडी लावायलाही तेच. कॅम्पर आडवा-उभा सपाट नसला तर झोपेत डोकं खाली आणि पाय वर होतात. मी फोनमधली लेव्हल दाखवत होतो. अण्णांनी ताटात पाणी घेऊन ते आतल्या ओट्यावर ठेवलं आणि उंच बाजूच्या चाकाखालची वाळू काढायला लागले.

मग वारा. कॉर्पस क्रिस्टीच्या किनाऱ्यावर वारा वाहतो असं म्हणणं म्हणजे मुंबईत लोकलला गर्दी असते असं म्हणणं. छप्पर वर उचललं की त्याच्या चारी बाजूंचं कापड उघडं पडतं. आम्ही छपरावर सोलर पॅनेल बसवलेलं, त्याचंही वजन, त्यामुळे छप्पर उचलताना मी खांदा लावून आतून रेटत होतो, बायको दुसऱ्या टोकाला, आणि बाहेरून सूर येत होता: "येऊ द्या... येऊ द्या..."

रात्रभर ते कापड फडफडत राहिलं. वरच्या पलंगावर आम्ही, खाली बाकड्यावर अण्णा. पाट्यांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असल्यामुळे एकानं कूस बदलली की तिघंही डोलायचे. मध्यरात्री अण्णा सतरंजी घेऊन बाहेर गेले. कुठेतरी कोल्हे, म्हणजे इथले कायोटी, ओरडत होते. त्यांच्याशी अण्णांचं काही बोलणं झालं असावं, कारण थोड्या वेळाने दोन्ही बाजू गप्प झाल्या.

भाकरीत वाळू होती, ठेच्यात होती, चहात होती. किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेल्या शेवाळाचा वास होता. आणि तरी सकाळी अण्णा काहीतरी बघून हाका मारायला लागले. वाळूत समुद्रातून वर आलेला फरपटल्यासारखा माग होता. ते केम्प्स रिडले कासवाचे अंडी घालायला येण्याचे दिवस, आणि ही बाई इतरांसारखी रात्री येत नाही, भर उजेडात येते. वेळासला अण्णांनी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडताना पाहिली होती. ही तिची जवळची भाऊबंद, असं मी सांगितलं. "मग चुलत्याच्या दारातनं गाडी न्यायची न्हाई," म्हणाले आणि आम्हाला तिथून लांब हलायला लावलं. नियमही तोच होता: मागाला धक्का लावायचा नाही आणि रखवालदारांना कळवायचं. कळवायला फोन लागेना, म्हणून आवराआवर लवकर सुरू झाली.

आवरताना पुन्हा हिशेब. पाणी संपलं होतं, खाणं संपलं होतं. एकच वस्तू अशी, जी जाताना हलकी आणि येताना जड असते. तिचं नाव घेत नाही. ती कॅम्परच्या कोपऱ्यात झाकण लावून ठेवलेली होती, अण्णांनी तिचा एकदाही उपयोग केला नव्हता, आणि ती रिकामी करायचं काम कोणाचं यावर घरात कधी चर्चाच झाली नाही.

मी टायरमध्ये हवा भरत असताना बायको शेजारी येऊन उभी राहिली. "आई पण येतेय पुढच्या महिन्यात. तिलाही इथे आणू या."

मी पंप बंद केला. मनातल्या मनात तक्ता उघडला, खुर्ची नाही, बूट नाहीत, पुस्तकं नाहीत, कमी करण्यासारखं माझ्या नावावर आता काहीच उरलेलं नव्हतं.

"अण्णा," मी हळूच विचारलं, "सासूबाईंचं वजन साधारण किती असेल?"

अण्णांनी आधी लेक ऐकत नाहीये ना ते बघितलं.

"त्ये तुमी इचारू नका, पाव्हणं. उभ्या जन्मात मी बी इचारलं न्हाई. त्या 'इतर'मध्ये घाला."